चोखंदळ बेटा मासा आणि त्याचे खाद्य : एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

बेटा माशासाठी, म्हणजे दुकानात फायटर म्हणून मिळणाऱ्या शोभेच्या माशासाठी म्हणून बाजारात जे खाद्य मिळते, त्यातले बरेचसे मी गेल्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत आमच्या एका नर बेटाला घालून पाहिले, आणि त्याच्या जोडीला खेड्यात सहज हाती लागणारे जिवंत खाद्यही दिले. आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. फिशटँकचे सामान आणायचे तर अमरावती किंवा अकोला गाठावे लागते, नाहीतर पार्सलची वाट पाहावी लागते. शहरात बर्फात गोठवलेले खाद्य मिळते, पण ते आमच्यापर्यंत येताना वितळणारच, म्हणून त्याबद्दल येथे काही लिहीत नाही. माझे मत आधीच सांगून टाकते. मासा चोखंदळ असेल तर डब्यांची संख्या वाढवून फारसा उपयोग होत नाही; तो चवीवर कमी अडतो आणि खाद्याची हालचाल, त्याचा आकार व स्वतःची भूक यांवर जास्त अडतो.

हा मासा मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातल्या भातखाचरांतला, उथळ व संथ पाण्यातला. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, कारण पाण्यावर पडलेले किडे आणि पृष्ठभागाला लटकणाऱ्या अळ्या हेच त्याचे नेहमीचे अन्न. दुकानात विक्रीपूर्वी त्याला पुष्कळदा जिवंत अळ्यांवरच पोसलेले असते. त्यामुळे घरी आल्यावर पाण्यावर निश्चल तरंगणारा तपकिरी दाणा हे अन्न आहे, हेच त्याला उमगत नाही. आमच्या माशाने पहिल्या आठवड्यात दाण्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, तेव्हा शेजारणीने निकाल देऊन टाकला, "ताई, याले भूक नाही, नुसते नखरे हायेत." त्याच संध्याकाळी तिच्यासमोर डासाची एक अळी टाकीत सोडली आणि या नखरेबाजाने ती क्षणात गिळली.

दाण्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कितीही विविधता ठेवली तरी रोजचा आधार तोच राहतो. पाकिटावरच्या घटकांत मासळीचे पीठ, कोळंबी किंवा क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) अगदी सुरुवातीला असावे आणि प्रथिने चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असावीत. पहिला घटक गव्हाचे किंवा सोयाचे पीठ असेल, तर ते पाकीट मी घेत नाही. आकार एक मिलिमीटरच्या जवळपासचा हवा. मी आधी आणलेल्या स्वस्त पाकिटातले दाणे जरा मोठे आणि कडक होते. मासा दाणा तोंडात घेई, बाहेर टाकी, पुन्हा घेई, पुन्हा टाकी, आणि असे तीन-चारदा झाल्यावर कंटाळून पाठ फिरवी. पाहणाऱ्याला वाटावे की त्याला चव आवडली नाही. तोच दाणा ब्लेडने अर्धा करून दिल्यावर मात्र त्याने तक्रार केली नाही. दुकानात रंगीत माशांसाठी म्हणून जे पापुद्र्यांसारखे खाद्य मिळते ते यापेक्षा स्वस्त असते, परंतु त्याचे पाण्यात तुकडे होतात आणि निम्मे तळाशी जाऊन कुजते. ते मी शेवटी परसातल्या टाक्यातल्या गप्पी माशांना घालून संपवले.

दाण्याची सवय लावण्यासाठी मला एकच रीत कामी आली. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी टाकीच्या ठरलेल्या कोपऱ्यात आधी एक जिवंत अळी, आणि ती गिळून तो अजून उत्तेजित असतानाच त्याच जागी एक दाणा. दाणा टूथपिकच्या टोकाने किंचित ढकलायचा, म्हणजे तो हलतो. हललेल्या वस्तूवर बेटा झडप घालतोच. पुढे अळी कमी आणि दाणे जास्त करत गेले व काही आठवड्यांत तो निव्वळ दाणेही घेऊ लागला. धडधाकट, पूर्ण वाढलेला बेटा काही दिवस न खाता सहज राहतो, ही गोष्ट मनाशी पक्की असल्याशिवाय ही रीत पाळता येत नाही. घरातले कोणीतरी कळवळून गुपचूप अळ्या टाकते आणि सगळे मुसळ केरात जाते.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि त्या उष्म्यात उघडलेले पाकीट फार लवकर बिघडते. दाण्यांतली चरबी खवट होते, क जीवनसत्त्व घटते, आणि मासा ते नाकारू लागला की आपण पुन्हा त्यालाच चोखंदळ म्हणतो. एप्रिलमध्ये पाकीट हुंगले, तर जुन्या तेलासारखा वास येत होता. तेव्हापासून सर्वांत लहान पाकीट आणते आणि घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत घालून ती फ्रिजमध्ये ठेवते.

हिवाळ्याचा प्रश्न याच्या उलट होता. डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते, टाकीचे पाणी सकाळी वीस अंशांच्याही खाली गेलेले असते, आणि बेटाला सव्वीस-सत्तावीस अंश मानवतात. गार पाण्यात त्याची भूक मंदावते, पचनही मंदावते. अशा वेळी नवे खाद्य आणून काही साधत नाही. हीटर लावावा लागतो. आमच्याकडे रात्री वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावला आणि खाद्य सकाळऐवजी दुपारी, पाणी थोडे तापल्यावर देऊ लागले. तेवढ्याने पुष्कळ फरक पडला.

सुकवलेल्या लाल अळ्या, म्हणजे दुकानातले ब्लडवर्म, हा बहुतेकांचा आवडता पर्याय आहे. आमच्या माशालाही त्या फार आवडतात आणि नेमकी तीच अडचण आहे. काही दिवस सलग दिल्या, तर तो दाण्याला तोंड लावीनासा होतो. शिवाय त्या अगदी कोरड्या असतात. तशाच दिल्या तर पोटात जाऊन फुगतात, म्हणून टाकीच्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून द्याव्यात. आठवड्यातून एकदा दोन-तीन अळ्या, याहून अधिक नको. ट्युबिफेक्सच्या, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक लाल किड्यांच्या, सुक्या वड्या त्याने हुंगूनही पाहिल्या नाहीत. जिवंत ट्युबिफेक्स घाणेरड्या गाळात वाढतात आणि सोबत रोगजंतू आणतात, त्यामुळे ते घरात आणायचा विचारच केला नाही.

आता विदर्भातल्या घरोघरी फुकट मिळणाऱ्या खाद्याबद्दल. उन्हाळा संपत आला, चार पाऊस पडले आणि कूलर दोन दिवस बंद राहिला, की त्याच्या टाकीत डासांच्या अळ्या वळवळू लागतात. बेटासाठी याहून चांगले खाद्य मला सापडलेले नाही. अळी श्वास घ्यायला पृष्ठभागाशी येऊन डोके खाली करून लटकते, म्हणजे बेटाच्या तोंडासमोर अगदी नैसर्गिक जागी. मासा आधी थबकतो, परांची हालचाल जवळपास थांबवतो, अंग किंचित वाकवतो आणि मग एकदम झेपावतो. रोजच्या दाण्यांवर आळसावलेला मासा अळ्या मिळू लागल्यावर टाकीभर फिरू लागतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

मात्र येथे निष्काळजीपणा अजिबात चालत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ऊबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य विभाग सांगतो ते यासाठीच. माशासाठी म्हणून कूलरमध्ये पाणी साचवून ठेवणे हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. मी कूलर ठरल्या दिवशी रिकामा करतेच, पण पाणी फेकण्याऐवजी चहाच्या गाळणीतून काढते. गाळणीतल्या अळ्या स्वच्छ पाण्यात दोनदा धुऊन काचेच्या बरणीत ठेवते, बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड रबराने घट्ट बांधते आणि दोन-तीन दिवसांत संपवते. उरलेल्या फरशीवर उन्हात ओतते. स्वल्पविरामासारखे दिसणारे कोषही मासा खातो, परंतु कोष झाला म्हणजे डास उडायला एक-दोन दिवसच उरले, असे समजून ते आधी द्यावेत. ज्या पाण्यात अळीनाशक औषध टाकले असेल, तिथल्या अळ्या मुळीच घेऊ नयेत.

हाच नियम शेतातल्या किड्यांना लागू आहे, किंबहुना जास्त काटेकोरपणे. आमचा भाग कपाशीचा. हंगामात फवारण्या चालू असतात आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही घातक ठरतात. त्यामुळे बांधावरचा नाकतोडा किंवा मावा कितीही ताजा दिसला तरी मी तो देत नाही. खोलीत डास मारण्याचे लिक्विड लावायचे असले तरी टाकी आधी दुसरीकडे हलवते. गांडुळाची गोष्ट वेगळी. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळे मुबलक होती म्हणून एक बारीक चिरून दिले. माशाने तुकडा घेतला आणि तत्काळ थुंकला. या जातीच्या अंगातून सुटणारा पिवळसर स्राव माशांना नकोसा असतो. परसातल्या ओल्या मातीतले साधे गांडूळ धुऊन, तांदळाच्या कणीएवढे चिरून दिले, तर ते त्याने खाल्ले. परंतु दर वेळी ती चिराचीर करण्याइतकी माझी हौस टिकली नाही.

आर्टिमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, अंडी पार्सलने मागवली. महाग पडतात, पण चिमूटभर पुरतात. एक लिटर पाण्यात साधारण पंचवीस ते तीस ग्रॅम जाडे मीठ, उजेड, बुडबुडे आणि अठ्ठावीस अंशांची ऊब एवढे मिळाले की चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी पिल्ले बाहेर येतात. आमच्या विहिरीचे पाणी माणसाला खारट लागते, तरी आर्टिमियाच्या हिशेबाने ते गोडेच. मीठ पूर्ण मापाने घालावेच लागते. ऊब ऑक्टोबरपर्यंत फुकट मिळते. हवेचा पंप विजेअभावी बंद पडला, तर पाणी पसरट भांड्यात ओतून ठेवावे. पिल्ले कमी निघतात, पण निघतात. बरणीच्या एका बाजूला टॉर्च धरली की पिल्ले तिकडे गोळा होतात. तिथून ड्रॉपरने उचलून, दाट विणीच्या सुती कापडावर गोड्या पाण्याने धुऊन लगेच द्यावीत, कारण त्यांच्या अंगचे पोषण काही तासांतच ओसरू लागते. मोठ्या बेटाला ही पिल्ले फारच बारीक पडतात. तो ती आवडीने टिपतो, पण पोट भरत नाही. एवढी खटपट बेटाची पिल्ले वाढवणाऱ्याने जरूर करावी. एका नरासाठी मी ती पुन्हा करणार नाही.

डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा, गावतळ्यात सापडतात, परंतु त्यांच्यासोबत चतुराच्या अळ्या आणि जळवा येतात. गाळून, निवडून मगच द्याव्यात. सुस्तावलेल्या, पोट फुगलेल्या माशाला एक दिवस उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी पाणपिसवा दिल्यास पोट साफ होण्यास मदत होते. दुकानदार त्यासाठी मटार सुचवतात, पण किडे खाणाऱ्या माशाला मटार कशाला, हे मला पटले नाही.

सध्याचा क्रम असा आहे. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन दाणे; आठवड्यातून दोनदा संध्याकाळच्या दाण्यांऐवजी उपलब्ध असतील त्या अळ्या किंवा पाणपिसवा; हिवाळ्यात अळ्या नसतात तेव्हा एकदा भिजवलेले ब्लडवर्म; रविवारी उपास. माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे धरून चालावे, म्हणजे हात आपोआप आखडता राहतो. पाच मिनिटांत न खाल्लेला दाणा ड्रॉपरने काढून टाकते, कारण उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत पाणी नासवतो. बाहेरगावी जाताना पाण्यात हळूहळू विरघळणारी सुट्टीची वडी टाकत नाही. तिने एकदा टाकी दुधाळ करून ठेवली होती. दोन-तीन दिवस जायचे असल्यास मासा उपाशी राहतो. जास्त दिवस असतील तर एक दिवसाआड एक, अशा मोजून दोन-दोन दाण्यांच्या कागदी पुड्या बांधून शेजारणीकडे देते आणि डबी मात्र कपाटात कुलूपबंद करते.