17 मिलिमीटरचे साडेसहा हजार

लातूरला गंजगोलाईच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. इंजिनिअर लोकांचे ए-वन मापाचे (594 बाय 841 मिमी) नकाशे काढायला 24 इंची प्लॉटर, म्हणजे नकाशे छापायचं मोठं मशीन घेतलं, कागदाच्या रोलवर काम निवांत चाललं होतं. मग सर्व्हिसिंगला एक नवा मेकॅनिक यायला लागला. बोलायला गोड, वाक्यागणिक 'काका'.

"काका, रोल 610 मिमीचा अन् ए-वन 594 ची. 16 मिमीची पट्टी दर नकाशाला कचऱ्यात जाते की! कापलेल्या शीट्स घ्या, मी आणून देतो."

त्या पट्टीपायी माझा जीव जळला. 200 शीट्स घेतल्या, रोखीनं.

पहिल्याच नकाशाची चौकट दोन्ही टोकांना गायब, सहीचा रकाना अर्धा. फोन केल्यावर तासाभरात हजर. लॅपटॉप जोडून तोंड वाकडं केलं. "मार्जिनचं कार्ड गेलंय काका." साडेसहा हजार. पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के जीएसटी वेगळा. मला चहा सांगायला बाहेर पाठवलं (मीही गेलो!), परत येतो तर चौकट अख्खी.

तीन दिवसांनी इंजिनिअर साहेब भेंडोळं घेऊन दारात. काउंटरवर नकाशा पसरला, खिशातली स्टीलची पट्टी भिंतीच्या रेघेवर ठेवली. 1:100 ला 10 मीटरची भिंत 100 मिमी भरायला पाहिजे. भरली 96. अकरा नकाशे पदरचा कागद घालून परत काढून दिले, बोलणी खाल्ली ती वेगळीच.

साहेबांच्या हाताखालचा पॉलिटेक्निकचा पोरगा कॉम्प्युटरवर बसला अन् दोन मिनिटांत हसायला लागला. आमचं मशीन रोलवर चारी बाजूंनी 5 मिमी सोडतं. सुट्या शीटवर मात्र पुढच्या अन् मागच्या टोकाला 17-17 मिमी सोडतं, कारण रोलरला कागद धरायला जागा लागते. नकाशाची चौकट कडेपासून 10 मिमीवर, म्हणजे ती कापली जाणारच. मशीन धडधाकट होतं. मेकॅनिक पठ्ठ्यानं फक्त 'फिट टू पेपर'वर (नकाशा कागदात बसेल एवढा लहान करायची सेटिंग) टिक केली होती. शीटच्या 841 मिमी लांबीतून दोन टोकांचे 34 गेले, उरलेल्या 807 मध्ये नकाशा कोंबला. तेच ते 96 टक्के.

मग मी मशीनच्या मागचा पत्रा बघितला. स्क्रूच्या खाचांत धूळ तशीच बसलेली. पेचकस लागलाच नव्हता, कार्ड कुठून बदलणार?

प्लॉटरवाल्यांनो, चौकट कापली गेली तर आधी मशीनच्या पॅनलवरून त्याचं स्वतःचं टेस्ट पान काढा. ते नीट आलं तर घोळ बहुतेक सेटिंगचा. कागद 'रोल' निवडलाय का 'शीट' ते बघा, दोन्हींची मार्जिनं मॅन्युअलात छापलेली असतात. स्केलच्या नकाशाला 'फिट' नकोच, 1:100 तर 1:100. अन् दुरुस्ती झाली म्हणणाऱ्याच्या समोर 100 मिमीची रेघ काढून पट्टीनं मोजा, मग पाकीट काढा. कार्ड बदललं म्हणाला तर जुनं कार्ड हातात मागा.

त्या मेकॅनिकला फोन लावला. "काका, चौकट आली होती का नाही?" म्हणाला अन् कट केला. तेव्हापासून उचलत नाही. आम्ही परत रोलवर आलोय. उरलेल्या शीट्सची नातीच्या वह्यांना कव्हरं घालतोय, दोन वर्षं तरी पुरतील.