गड्डा उरकल्यावर सोलापूर दाखवणारे गाडीवाले मामा: ५ पैकी ४

पुण्याच्या पाहुण्यांना दरवेळी गड्ड्यातच, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतच यायचं असतं. संक्रांतीच्या त्या दिवसांत लॉज फुल, सिद्धेश्वर तळ्याभोवती पाय ठेवायला जागा नाही, आणि गाडीवाला सांगेल तो रेट. यंदा सरळ सांगून टाकलं की यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघायचीय तर जानेवारीत या, पण सोलापूर बघायचंय तर फेब्रुवारीत या, ते पण मधल्या वारी. आले बिचारे.

दिवसभरासाठी ओळखीतल्या मामांची गाडी केली, कंपनी बिंपनी काही नाही, स्वतःची गाडी स्वतः चालवतात. रिकामे दिवस असल्याने रेट बराच कमी सांगितला, त्यात पण आमचा मावसभाऊ घासाघीस करायला लागला, त्याला गप केलं. या दिवसांत त्यांना धंदा नसतो, तिथं पण पिळायचं म्हणजे काय राव.

सकाळी नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, आता तो दिसणं फारच अवघड झालंय. काळवीट मात्र झकास दिसले, आणि गवतावरून खालून खालून फिरणारे भोवत्या पक्षी, हे थंडीतलेच पाहुणे. भावाला फोटोसाठी गाडी गवतात घालायची होती, मामा म्हणाले, "नाही ओ साहेब, रस्ता सोडायचा नाही. माळढोक पावसाळ्यात जमिनीवरच अंडं घालतो, तेपण एकच, चाकाखाली गेलं तर कळणार पण नाही." आता फेब्रुवारी आहे की, म्हणून भाऊ वाद घालत होता, पण मामांनी गाडी काही वळवली नाही. बरोबरच आहे, एकदा चाकोरी पडली की मागचा प्रत्येक जण त्यातूनच जाणार.

मग हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. ३५९ मुखांचं शिवलिंग लोकांना माहीत असतं, पण शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख किती जण नीट बघतात? मामांनी मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरला आणि पुसट अक्षरं एकदम वर आली, "वाछि तो विजेया होइवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. हात न लावता, शांतपणे, एकेक अक्षर लावत वाचलं. श्रावणी सोमवारी मागून ढकलणारे असताना हे जमतंय होय!

जेवण मामांनी आदल्या दिवशीच गावातल्या एका घरी सांगून ठेवलं होतं. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. पाण्याचा जार गाडीतच होता त्यामुळे बाटल्या विकत घ्यायची भानगड नाही.

एक स्टार कापला तो एसीसाठी, मागच्या सीटवर हवा पोचतच नाही, फेब्रुवारीतसुद्धा दुपारी घाम फुटला, मार्च-एप्रिलला तर विचारूच नका. बुकिंग आदल्या दिवशी तरी करा म्हणजे जेवणाचा निरोप जातो, आणि गुरुवार टाळा, त्या दिवशी मामा अक्कलकोटच्या फेऱ्यांत असतात.