विटांच्या भिंतीतील तड्यासाठी लवचीक पॉलियुरेथेन : वापरानंतरचा अभिप्राय

विटांच्या जुन्या कुंपणभिंतीतला जो उभा तडा सिमेंटच्या मसाल्याने दोनदा बुजवूनही दर वेळी त्याच रेषेच्या अगदी शेजारी पुन्हा उघडत होता, तो या वेळी दोन घटक मिसळून वापरायच्या लवचीक पॉलियुरेथेनने (रबरासारख्या पॉलिमरने) भरला. कडक मसाला भिंतीच्या हालचालीला जागाच देत नाही; ताण सांध्याच्या, म्हणजे भरलेल्या तड्याच्या, कडांशी एकवटतो आणि वीट ताणाला मुळातच कमकुवत असल्याने मसाला शाबूत राहून विटेचाच पापुद्रा सुटतो. हे पॉलिमर स्वतः ताणले जाते आणि तोच भार सांध्याच्या मोठ्या लांबीवर वाटून देते. भरलेल्या सांध्यात नख रुतवले की खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. संथ हालचालीत नरम आणि झटक्याला ताठ, असा त्याचा स्वभाव आहे.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल. पृष्ठभाग कोरडा असावा, एवढेच त्यात एका ओळीत उरकले आहे. प्रत्यक्षात दोन घटकांपैकी एकात असलेल्या आयसोसायनेट या रसायनाची पाण्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे जमिनीलगतच्या ओलसर विटांत वीतभर सांधा जाळीदार पावासारखा फुगला. तो कापून, विटा वाळवून, प्रायमर (पकड वाढवणारा आधीचा थर) लावून पुन्हा भरावा लागला. उन्हाकडची बाजू पिवळी पडली, हे मात्र अपेक्षितच होते. सतत वजन पेलणाऱ्या आडव्या सांध्यात मी हे वापरणार नाही, कारण कायम भाराखाली असे पॉलिमर हळूहळू दबत जाते.