रविवारचा शेतकरी बाजार, लातूर: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

गेल्या रविवारी बाजाराच्या दारातला तपासणी काटा, म्हणजे घेतलेल्या मालाचं वजन गिऱ्हाइकानं स्वतः ताडून पाहायचा काटा, पुन्हा बंद होता. वर पोतं टाकलेलं, वायर गुंडाळून ठेवलेली. विचारलं तर उत्तर आलं, "चार्जिंग नाही ताई." म्हणून आज हे लिहायला बसले. आमच्या भागातल्या या बाजाराबद्दल आषाढापासून बरंच साठलंय आणि त्यातलं बहुतेक चांगलंच आहे. पण काट्याचं राहिलं तर बाकी लिहून उपयोग नाही.

बाजार कसा चालतो ते लातूरकरांना नव्यानं सांगायला नको. २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायची मुभा मिळाली, त्यानंतर शेतकऱ्यांचे गट शहरात येऊन थेट विकू लागले, त्यातलाच हा एक. औसा, निलंगा, रेणापूरकडची माणसं रविवारी सकाळी येतात. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर भावाची यादी येते. डाळ, ज्वारी आगाऊ नोंदवता येते, घरपोच हवं असेल तर वीस रुपये वर.

पहिले काही आठवडे मला हा बाजार महागच वाटला. मी खर्चाची वही ठेवते. मेथीची जुडी गंजगोलाईपेक्षा (शहरातल्या जुन्या बाजारपेठेपेक्षा) पाच रुपयांनी जास्त, दोडका किलोमागं दहानं जास्त, आणि वर बसायला-उठायला गर्दी तेवढीच. आमच्या घरी चौघं, भाजीचा हिशेब ठरलेला, तेव्हा दोन-तीनदा सरळ गोलाईतच गेले. मग वहीत आणखी एक रकाना वाढवला: निवडून किती उरलं. तिथं चित्र पालटलं. गोलाईतली मेथी निवडताना पिवळी पानं आणि माती-मुळं जाऊन निम्मी व्हायची. इथली पहाटे उपटलेली, बुधवारपर्यंत हिरवी राहते. पालक, चुका, शेपू यांचंही तेच. पालेभाजी इथूनच घ्यावी, हे माझं पक्कं मत झालं. कोबी-फ्लॉवरमध्ये मात्र फायदा नाही, बाहेरच्या पानांसकट तोलतात. आणि बटाटा इथं घेऊ नका. आपल्याकडं तो फारसा पिकत नाही. चार-पाच जणांकडं एकाच मापाचा, एकाच रंगाचा बटाटा दिसला की तो अडतीवरून आलाय हे उघड आहे. थेट शेतातून म्हणून त्याचे जादा पैसे का द्यायचे?

आता काटा. दारात एका टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला असतो. घेतलेला माल आपणच त्यावर ठेवून पाहायचा, वजन कमी भरलं तर परत जाऊन भरून घ्यायचं. पाटीच मोठी लावली आहे: 'वजनाची खात्री करा'. मला हा बाजार आवडला तो या पाटीमुळं. भाव मी घासाघीस करून कमी करू शकते, वजन माझ्या हातात नसतं. पावशेर मिरचीत वीस ग्रॅम कमी आले तर भाव पाच रुपयांनी उतरवून काय मिळवलं?

श्रावणात आल्याच्या एका किलोत साठ-सत्तर ग्रॅम कमी भरले. परत गेले. विकणाऱ्या भाऊंनी काही कुरकुर न करता भरून दिलं. कारणही लगेच कळलं: प्लास्टिकचं टोपलं काट्यावर ठेवल्यावर आकडा शून्यावर आणायचा राहिला होता. लबाडी नव्हती, गर्दीत राहून गेलं होतं. असं रोज होतं, सगळीकडं होतं, आणि म्हणूनच दारातला काटा चालू हवा.

तो भाद्रपदात बंद पडला. आधी सेल गेला, मग दुरुस्तीला दिला, मग 'पुढच्या रविवारी'. दसरा गेला तरी पोतं तसंच. गटाच्या कार्यालयात फोन केला, ग्रुपवर लिहिलं, शेवटी बाजार सांभाळणाऱ्यांना समोर उभं राहून विचारलं. ते म्हणाले, "काट्यामुळं भांडणं होतात ताई. गिऱ्हाईक येऊन आरडाओरडा करतंय, शेतकरी नाराज होतोय." मला या उत्तराचा राग आला आणि अजून आहे. भांडण काट्यामुळं होत नाही, कमी वजनामुळं होतं. काटा झाकला म्हणून वजन पूर्ण होत नाही.

मी त्यांना सरळ सांगितलं की हा तुमच्या मर्जीचा विषय नाही. विक्रीसाठी वापरलेला प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) दर वर्षी तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो, २००९ च्या वैधमापन कायद्याखालच्या नियमांत ते आहे. मुद्रेवर वर्ष असतं आणि तिमाहीचं अक्षर असतं, ए, बी, सी किंवा डी. त्या दिवशी मी बाजारातल्या काट्यांवर हे पाहत फिरले. बऱ्याच जणांची मुद्रा चालू वर्षाची होती, हे मुद्दाम सांगते. काहींची पुसट झालेली, एक-दोघांची दिसलीच नाही. तुम्हीही पाहा. काट्याच्या पट्टीवर कमाल-किमान वजनही लिहिलेलं असतं. भाजीवाल्यांकडचा नेहमीचा काटा तीस किलोचा असतो, पाच ग्रॅमच्या टप्प्यानं मोजणारा, आणि त्यावर किमान १०० ग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे पन्नास ग्रॅम लसूण त्यावर तोलला तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही. थोडंसंच हवं असेल तर वाट्यावर घ्या किंवा सरळ पावशेर घ्या. मी आता लसूण-मिरची पावशेरच घेते आणि शेजारणीशी वाटून घेते.

काटा सुरू झाला तो माझ्या तक्रारीनं नाही. औशाकडच्या एक मावशी टोमॅटो-वांगी घेऊन बसतात. त्यांचा माल संपला की हिशेबात दर वेळी दोन-तीन किलोचा फरक यायचा, घरून मोजून आणलेल्यापेक्षा विकलेलं कमी. त्याच हटून बसल्या की दारातला काटा पोत्याखालून बाहेर काढा, मला माझा काटा ताडून बघायचाय. काढला. त्यांच्या काट्यावर किलो दाखवणारी वांगी दारातल्या काट्यावर किलोहून तीस-चाळीस ग्रॅम जास्त भरली. काट्याचं ताट शेजारच्या कॅरेटला टेकत होतं, थोडा भार कॅरेटवर जायचा आणि आकडा कमी दिसायचा. म्हणजे कित्येक रविवार त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जास्त माल देत होत्या. "आन् वर लोकं मलाच म्हनायची, मावशी नीट तोला," असं म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. तोवर मी तपासणी काट्याकडं गिऱ्हाइकाची सोय म्हणूनच पाहत होते. तो शेतकऱ्यालाही तेवढाच लागतो. उलट जास्तच, कारण माझं नुकसान पावशेरावर होतं आणि त्यांचं अख्ख्या कॅरेटवर.

त्यानंतर हिवाळाभर काटा चालू होता आणि तो हिवाळा या बाजाराचा सगळ्यात चांगला काळ. येळवशीच्या, म्हणजे शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायच्या वेळा अमावास्येच्या, आधीचा रविवार तर बघण्यासारखा होता. ज्यांचं शेत नाही त्यांना भज्जीचं (त्या सणाच्या मिसळीच्या भाजीचं) सगळं माळवं एका ठिकाणी मिळणं किती कठीण असतं, ते शहरात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. इथं तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, पातीचा कांदा, चुका, गाजरं सगळं होतं. एका आजींनी तर किती माणसांची भज्जी करायची ते विचारून कशाचं किती लागेल ते मोजून दिलं, आणि आंबिलासाठी ज्वारीचं पीठ कुणाकडचं घ्यावं तेही सांगितलं. आम्ही भावकीतल्या शेतावर गेलो, तिथं त्या भज्जीचं कौतुक झालं. या एका कामासाठी बाजाराला माझे पैकीच्या पैकी.

डाळीबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या बोरसुरी तूर डाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येतं. तेव्हापासून बाजारात दिसेल ती डाळ बोरसुरीची आणि दिसेल ती कोथिंबीर कास्ती झालीय. मानांकनाच्या नावानं विकणाऱ्या उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणी विचारा. ज्यांनी दाखवली त्यांची डाळ मी घेतली. बिनपॉलिशची, दिसायला मळकट, पण लवकर शिजते आणि वरणाला फोडणी घालायच्या आधीच वास सुटतो. गिरणीच्या डाळीपेक्षा किलोला बरेच जास्त पडतात, म्हणून आम्ही ती सणावाराला आणि साध्या वरणालाच वापरतो, आमटीला नेहमीची. आगाऊ नोंदवलेली डाळ एकदा दुसऱ्याच कुणाची मिळाली, परत केली, पैसे त्याच आठवड्यात आले. घरपोच सेवा मी बंद केली. पिशवी घरी येते तेव्हा वजन कुणासमोर तपासणार?

उन्हाळ्यात माल कमी, भाव चढे, साडेआठनंतर पालेभाजी मान टाकते. सातच्या आत जा, ओलं फडकं न्या. मे महिन्यात केशर आंबा येतो तो मात्र चांगला, आढी लावलेला, पावडरीचा नव्हे.

आणि आता पुन्हा ते पोतं. चार्जिंग नाही हे कारण मला मान्य नाही, शेजारच्या दुकानातून वायर ओढून लाउडस्पीकर चालू होता. गटाला लेखी अर्ज दिलाय: काटा दर रविवारी चालू, शेजारी एक किलोचं मुद्रांकित वजन ठेवलेलं, आणि सकाळी बाजार भरायच्या आधी प्रत्येकानं आपला काटा त्यावर ताडून घ्यायचा. अर्जावर त्या औशाच्या मावशींचा अंगठा माझ्या सहीच्या वर आहे. तुमच्यापैकी जे तिथं जातात त्यांनी येत्या रविवारी सही करावी, अर्जाची प्रत त्यांच्याच वांग्यांच्या कॅरेटपाशी ठेवलेली असेल.