६० रुपयांचा पॉलिस्टर तिरंगा आणि खादीचा तिरंगा, दोन्ही वापरून सांगतो

मागच्या ऑगस्टात तालुक्याच्या गावाहून पॉलिस्टरचा झेंडा घेतला होता, काठीसकट ६० रुपये. यंदा वर्ध्याला काम होतं तं तिथून खादीचा आणला. आमच्या आर्वी-आष्टीकडं पंधरा ऑगस्ट आला की सगळे तो पहिलाच घेतात म्हणून लिहून राहिलो.

पॉलिस्टरवाला हलका आहे, जराशा हवेतही फडफडते, भिजला तरी तासाभरात वाळते, हे खरं. पण पॅकेट उघडलं तं चक्र मधात नाहीच, हिरव्या पट्ट्यावर उतरलेलं. पोरीनं बोट ठेवून आरे मोजले, २१ भरले, पुन्हा मोजले तरी २१च, म्हणे बाबा २४ पाहिजे ना. मग टेप लावला, लांबी २० इंच अन् रुंदी १५, म्हणजे ३:२ चं मापच नाही, २० ला साडेतेरापेक्षा कमी रुंदी पाहिजे. दुकानात परत नेला तं दुकानदार म्हणते, भाऊ सगळे असेच येतात, कोन मोजते. १४ तारीख होती, दुसरा कुठं मिळाला नाही, तोच लावला. त्याचं मला अजूनही वाईट वाटते.

त्यात झड लागली. तीन दिवसांत मोकळ्या कडेचे धागे सुटले, आठव्या दिवशी केशरी पट्टा वीतभर फाटला. २०२२ च्या जुलैपासून घरावरचा झेंडा रात्री पण ठेवता येते, त्यामुळं संध्याकाळी उतरवायची सवयच कोणाला राहिली नाही, पोळ्यापर्यंत अर्ध्या गावाच्या काठ्यांवर चिंध्या होत्या.

मग ओट्यावर चर्चा, उतरवला तं करायचं काय. एक म्हणे जाळा, दुसरा म्हणे जाळला तं तीन वर्षं आत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. १९७१ चा कायदा आहे, चारचौघांत झेंडा जाळला, फाडला, तुडवला तं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, त्याच्यावर काही लिहिलं तरी अपमानच. पण ध्वजसंहितेत हेही आहे की फाटका झेंडा लावू नये, एकांतात, मान राखून, पूर्णच्या पूर्ण नष्ट करावा, शक्यतो जाळून. एकानं अमेरिकेचं काढलं, तिथं रस्त्यात जाळला तरी गुन्हा नाही. तेही खरं आहे, १९८९ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं तसा निकाल दिला. मला आपल्याकडं ते नाही पटत. १९४२ मध्ये आष्टीला लोक ठाण्यावर झेंडा लावायला गेले अन् गोळ्या खाऊन मेले, त्याच तालुक्यात राहून मी कायदा काढून टाका म्हणू शकत नाही. अन् सरकारवर, झेंड्यावर सुद्धा, सनदशीर मार्गानं बदल व्हावा म्हणून टीका केली तं तो गुन्हा नाही हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे, ते पण लोकांना माहीत पाहिजे. माझा राग वेगळा आहे. फाटका झेंडा दिसला की घरवाल्याला दम भरतात, पण २१ आऱ्यांचे हजारो छापून विकणाऱ्याला कोणी विचारलेलं मी आमच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी गोठ्यामागं घमेल्यात कापूर ठेवून बाबांनी अन् मी तो जाळायला घेतला. बाबांनी टोपी काढून हातात धरली. झेंडा पेटलाच नाही धड, आक्रसला, काळे थेंब टपटप पडून घमेल्याला चिकटले, नाकात जळक्या प्लास्टिकचा वास. बाबा म्हणाले, हे जळून नाही राह्यलं रे, वितळून राह्यलं. मग मी खुरप्यानं खरवडून काढलं अन् कडुनिंबाखाली पुरलं. २०२१ च्या डिसेंबरात पॉलिस्टरला परवानगी दिली तेव्हा गरिबालाही झेंडा घेता यावा म्हणून दिली असेल, पण मान राखून निरोप देता येत नाही असं कापड झेंड्याला नको, माझं स्पष्ट मत आहे.

खादीचा २ बाय ३ फुटाचा आहे, हजाराच्या वर गेला. चक्र दोन्हीकडून बरोब्बर एकाच जागी, २४ आरे पोरीनं तिथंच मोजले, कडेला दुहेरी शिलाई, दोरी आतूनच शिवलेली. जड आहे, कमी हवेत लोंबते, भिजला तं वाळायला दीड दिवस लागला. म्हणून आम्ही सकाळी लावतो, संध्याकाळी उतरवतो.

पॉलिस्टरला पाचातून १, खादीला साडेचार, अर्धा भावासाठी कापला. एवढे पैसे नसतील तं साधा सुती घ्या, लहान घ्या, पण दुकानात टेप घेऊन जा अन् पैसे द्यायच्या आधी आरे मोजा.

यंदा सोळा तारखेला पोरीनं घडी घातली, केशरी अन् हिरवा पांढऱ्याखाली दुमडून चक्र वर राहील अशी, अन् आजीच्या लोखंडी पेटीत लुगड्यांवर ठेवला.