एक इंजिन, दोन बॅटऱ्या: स्विच, रिले की डीसी-डीसी चार्जर?

मालवण-देवबागला किंवा मांडवीत गळ टाकायला नेतात तशी अठरा-वीस फुटी फायबर बोट आणि मागे बटणस्टार्टचं 40 ते 60 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावलेलं इंजिन, असं इथे धरलं आहे. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), व्हीएचएफ रेडिओ, दिवे आणि बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप चालू ठेवून दुपारभर नांगरावर बसायचं असेल तर इंजिनाची एक बॅटरी आणि बाकी सगळ्याची दुसरी, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. वाद होतो तो त्या दोघी जोडायच्या कशा यावर.

त्याआधी इंजिनाच्या पुस्तकात चार्जिंगचा आकडा शोधा. लहान आउटबोर्ड 6 ते 12 अँपिअर देतात, साठचं फोर-स्ट्रोक असेल तर थोडं जास्त. हा आकडा पूर्ण आरपीएमचा असतो. ट्रोलिंग करत, म्हणजे गळ मागे ओढत, हळू चालवलं तर त्यातलं बरंचसं गायब. दुकानदार बॅटरीचे एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) विचारतो, हा प्रश्न सहसा विचारत नाही; आणि निवड खरं तर यावरच ठरते.

सगळ्यात जुना उपाय म्हणजे पहिली, दुसरी की दोन्ही बॅटऱ्या हे निवडणारा 1-2-बोथ असा गोल स्विच. स्वस्त, आत इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, बिघडला तर कुठल्याही बंदरातला वायरमन बदलून देईल. जाताना 1, नांगरावर 2, परतताना 1 वर सुरू करून मग दुसरीही भरावी म्हणून 'बोथ', आणि इंजिन बंद केलं की पुन्हा 1. पण हे लक्षात ठेवायचं कोणी? 'बोथ'वर राहिला की दोन्ही बॅटऱ्या एकदमच बसतात, म्हणजे दुसरीचा खर्च पाण्यात. दुसरा धोका अजून महाग आहे: इंजिन चालू असताना कुणी 'ऑफ'पर्यंत फिरवला तर चार्जिंगला जायला वाट राहत नाही, व्होल्टेज उसळतं आणि इंजिनातला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जळू शकतो. बोट एकच माणूस चालवत असेल आणि तो शिस्तीचा असेल तर हा स्विच वर्षानुवर्षं चालतो. आज हा तांडेल, उद्या तो, अशा पर्यटकांच्या बोटीवर मी तो बसवणार नाही.

व्हीएसआर, म्हणजे व्होल्टेज बघून जोडणारा रिले, हे लक्षात ठेवण्याचं काम स्वतःकडे घेतो. इंजिन सुरू झालं, स्टार्टच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण 13.3 ते 13.7 वर गेलं की तो दुसरी बॅटरी जोडतो. इंजिन बंद होऊन व्होल्टेज 12.8 च्या आसपास उतरलं की तोडतो. त्यामुळे स्टार्टची बॅटरी आधी भरते आणि फिश फाइंडर तिला हात लावू शकत नाही. सोबत ऑफ-ऑन-कम्बाइन असा स्विच घ्यावा, म्हणजे अडचणीत दोन्ही बॅटऱ्या स्वतः स्विच फिरवून जोडता येतात. ब्लू सी कंपनीचा 'अ‍ॅड-अ-बॅटरी' संच नेमका असाच आहे. उणीव एकच. इंजिनाचं चार्जिंग कमी आणि दुसरी बॅटरी पार बसलेली असेल तर रिले जोडतो, व्होल्टेज खाली येतं, तोडतो, पुन्हा जोडतो. ही टक-टक ऐकू आली की दोष रिलेचा नसतो, इंजिनाची ताकदच तेवढी नसते.

डायोड आयसोलेटर, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारे डायोड घालून बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा डबा, कोणी सुचवला तर नको म्हणा. साध्या डायोडमध्ये 0.6-0.7 व्होल्ट जातात, इंजिनाकडून 14.2 निघाले तर बॅटरीला 13.5 पोचतात आणि ती कधीच पूर्ण भरत नाही.

डीसी-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने करंट घेऊन दुसरी बॅटरी तिला लागेल त्या व्होल्टेजने भरणारा चार्जर. त्याचा प्रश्न दुसरी बॅटरी लिथियमची (एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तरच येतो. ती नुसती पडून असतानाही 13.2-13.3 व्होल्ट दाखवते, त्यामुळे साधा व्हीएसआर 'अजून चार्जिंग चालू आहे' असं समजून जोडलेलाच राहतो. चार्जर मात्र इंजिनाला झेपेल असा हवा. 12 अँपिअर देणाऱ्या इंजिनावर 30 अँपिअरचा बसवला तर उरलेले 18 तो स्टार्टच्या बॅटरीतूनच ओढणार. करंट कमी-जास्त करता येणारा घ्या, नाहीतर लहान घ्या.

इंजिन 10 अँपिअरही देत नसेल तर माझं मत सरळ आहे: दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगसाठी जोडूच नका. फिश फाइंडर आणि ऐकण्यापुरता चालू व्हीएचएफ मिळून दीड अँपिअरच्या आसपास खातात. आठ तासांचे बारा एएच झाले, दिवे आणि पंपाचे थोडे वर. 40 एएचची बॅटरी दिवस सहज काढते आणि रात्री घरच्या चार्जरवर भरते. त्याहून मोठं इंजिन आणि दोन्ही लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतील तर व्हीएसआर घ्या, दुसरा विचार नको.

दुसरी बॅटरी कुठे ठेवायची हेही यात गुंतलं आहे. इंजिन आणि दोन्ही बॅटऱ्या मागे ठेवल्या तर बोट मागे बसते, म्हणून दुसरी पुढच्या सीटखाली न्यावीशी वाटते. चार मीटर अंतर, जाऊन-येऊन आठ मीटर वायर. 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून 10 अँपिअर चार्जिंग गेलं तर नुकसान 0.14 व्होल्ट, काहीच नाही. पण त्याच केबलने 'कम्बाइन' करून स्टार्टर फिरवायला गेलात, दीडशे अँपिअर धरा, तर दोन व्होल्ट वायरमध्येच जातात आणि इंजिन फिरत नाही. हीच केबल 50 ची असेल तर 0.4 व्होल्टवर भागतं, फक्त खिसा सैल सोडावा लागतो. गोल स्विच घेणाऱ्याने हे आधी मोजावं, कारण तिथे दोन्ही बॅटऱ्यांनी स्टार्ट करता येणं हाच तर मुद्दा असतो.

बाकी जोडणी सगळ्यांना सारखी. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेले हवेत. हे राहून गेलं की 'रिले खराब आहे' म्हणून तो परत जातो. पॉझिटिव्हवर फ्यूज बॅटरीजवळच लावा. बोटींसाठीचं अमेरिकन एबीवायसी मानक 7 इंचांच्या आत म्हणतं, स्टार्टरच्या केबलला सूट देतं. दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला मात्र दोन्ही टोकांना फ्यूज, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. पाणी चढलं की बिल्ज पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच मेन स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह घ्या; नाहीतर 'ऑफ' करून घरी गेलात की पावसाचं पाणी उपसणारं कोणी नाही. वायर टिनच्या मुलाम्याची. गाडीची साधी वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी होते, आणि वरून काही दिसत नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोट वर ओढलीत की दोन्ही निगेटिव्ह काढून ठेवा. रिलेही जागा राहायला थोडा करंट खातोच. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या घरी आणून महिन्यातून एकदा चार्जरला लावा.