मॅट टाकीवरचा झाडाचा चीक: गरम पाणी, स्पिरिट की खोबरेल?

मोहरलेल्या आंब्याखाली बाइक लावली की पेट्रोलच्या टाकीवर बारीक चिकट ठिपके पडतात. ते बहुतेक वेळा झाडाचे नसतातच. मोहरावरचे तुडतुडे जो गोड द्रव टाकतात, तो असतो, आणि तो पाण्यात विरघळतो. इथे गरम पाण्यापलीकडे काही लागत नाही. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात मायक्रोफायबरचं कापड भिजवा, डागावर पाच-दहा मिनिटं नुसता ठेवा, मग गाडीच्या शाम्पूने धुवा. बाभळीचा डिंकही असाच फुगून सुटतो.

वड, पिंपळ, फणस यांचा चीक मात्र वाळला की रबरासारखा होतो. पाण्याने तो हलत नाही, आणि मग हात घासायला शिवशिवतो. तेवढं टाळा. मॅट रंगाचा वरचा थर मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. त्यावर प्रकाश विखुरतो म्हणून चमक दिसत नाही. घासून ते बारीक उंचवटे सपाट झाले की तिथे तुकतुकीत चट्टा उठतो. चकचकीत रंगावरचा ओरखडा पॉलिशने निघतो, हा चट्टा नाही निघत. तो भाग नव्याने रंगवावा लागतो. त्यामुळे कमीत कमी घासावं लागेल तोच उपाय चांगला, असं माझं ठाम मत आहे. रबिंग कंपाउंड, क्ले बार (रंगावर घासून मळ काढायची मातीसारखी वडी) आणि वॅक्स पॉलिश इथेच बाद होतात.

आता स्पिरिट, म्हणजे इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल. राळेसारख्या वाळलेल्या डागांना मी हेच निवडेन. ते उडून जातं, मागे तेलकटपणा राहत नाही. आधी सीटखालच्या, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. मग कापसाचा बोळा ओला करून डागावर अर्धा मिनिट टेका, उचला, बोळा बदला, पुन्हा टेका. स्टिकरच्या कडेला नेऊ नका. सॅनिटायझर जेल नको, त्यातलं ग्लिसरीन रंगावर बसतं.

खोबरेलाचा उपाय घरोघरी ठाऊक आहे, फणस कापताना हाताला लावतोच की आपण. वड-फणसाच्या चिकावर ते खरंच चालतं, स्पिरिटपेक्षा सरस. पण मॅट रंगाच्या खाचांत तेल मुरून काळपट डाग दिसतो. म्हणून इअरबडने फक्त चिकावर लावा, मऊ झाला की टिपून घ्या आणि शाम्पूने दोनदा धुवा.

गॅरेजमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल सुचवतील. रॉकेल तेलकट थर सोडतं. पेट्रोल लगेच उडतं, म्हणून जास्त घासावं लागतं, शिवाय आगीचा धोका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातात.

काहीही करताना गाडी सावलीत आणि टाकी गार हवी. वॉशिंग सेंटरला देणार असाल तर पॉलिश मारू नका म्हणून आधीच सांगा, न सांगता मारून देतात.